हिरोशिमा आणि नागासाकी: अणुबॉम्ब टाकण्याचा निर्णय आणि त्याचे परिणाम – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट उजाडला की हे प्रश्न दरवर्षी नव्याने विचारले जातात. बहुतेकांनी शाळेत दोनच ओळी वाचलेल्या असतात: अमेरिकेने बॉम्ब टाकले, जपान शरण आला. त्या दोन ओळींच्या मधल्या जागेत बरेच काही दडलेले आहे. इथली उत्तरे सारख्या लांबीची नाहीत. जिथे गैरसमज जास्त आहे तिथे सविस्तर लिहिले आहे.

नेमके काय घडले?

६ ऑगस्ट १९४५, सोमवार. प्रशांत महासागरातल्या टिनियन बेटावरून निघालेल्या 'एनोला गे' या बी-२९ विमानाने सकाळी सव्वाआठला हिरोशिमावर युरेनियमचा बॉम्ब टाकला. पॉल टिबेट्स वैमानिक होते. बॉम्ब जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. त्याची ताकद सुमारे १५ हजार टन टीएनटी या स्फोटकाएवढी होती. ९ ऑगस्टला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीवर प्लुटोनियमचा बॉम्ब पडला, तो सुमारे २१ हजार टनांचा. १५ ऑगस्टला सम्राट हिरोहितो यांनी रेडिओवरून शरणागती जाहीर केली आणि २ सप्टेंबरला 'मिसूरी' या युद्धनौकेवर करारावर सह्या झाल्या.

हा निर्णय कोणी घेतला आणि कधी?

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन रात्रभर येरझाऱ्या घालत आहेत, समोर हो किंवा नाही असे दोनच पर्याय आहेत आणि पहाटे ते हुकमावर सही करतात, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. तसे काही घडले नाही. हिरोशिमावर बॉम्ब टाकण्याच्या हुकमावर ट्रूमन यांची सहीच नाही.

आधीचे राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला गेले, तोपर्यंत उपाध्यक्ष असलेल्या ट्रूमन यांना अणुबॉम्ब बनवण्याच्या गुप्त प्रकल्पाची खरी माहिती नव्हती. युद्धमंत्री हेन्री स्टिमसन आणि प्रकल्पाचे प्रमुख जनरल लेस्ली ग्रोव्हज यांनी त्यांना सविस्तर कल्पना दिली ती २५ एप्रिलला. तोवर सुमारे दोन अब्ज डॉलर खर्ची पडत आले होते. ओक रिज, हॅनफर्ड आणि लॉस अ‍ॅलामोस या प्रकल्पाच्या केंद्रांत लाखाहून जास्त माणसे राबत होती आणि बॉम्ब टाकणाऱ्या तुकडीचा सरावही सुरू झालेला होता. दोनच दिवसांनी, २७ एप्रिलला, कोणती शहरे निवडायची हे ठरवणाऱ्या समितीची पहिली बैठक झाली. 'वापरायचा की नाही' यावर तशी समिती कधी बसलीच नाही. स्टिमसन यांच्या अध्यक्षतेखालच्या अंतरिम समितीने ३१ मे आणि १ जूनला चर्चा केली, तीही मुख्यतः 'कसा वापरायचा' यावर. शिफारस अशी होती: शक्य तितक्या लवकर, पूर्वसूचना न देता, आणि भोवती कामगारांची घरे असलेल्या युद्धोपयोगी कारखान्यावर.

लेखी हुकूम निघाला २५ जुलैला. मसुदा ग्रोव्हज यांचा होता. लष्करप्रमुख मार्शल जर्मनीत पॉट्सडॅमच्या परिषदेला गेलेले असल्यामुळे सही जनरल थॉमस हँडी यांनी केली आणि हुकूम गेला हवाई दलाचे जनरल कार्ल स्पाट्झ यांच्याकडे. तो जेमतेम पानभराचा आहे. ३ ऑगस्टच्या सुमारास हवामान मोकळे होताच पहिला बॉम्ब हिरोशिमा, कोकुरा, निगाता किंवा नागासाकी यांपैकी एका ठिकाणी टाकावा, असे त्यात म्हटले आहे. पुढचे वाक्य मला जास्त अस्वस्थ करते. आणखी बॉम्ब जसजसे तयार होतील तसतसे ते याच ठिकाणांवर टाकले जावेत, असे ते सांगते. किती बॉम्ब, हे लिहिलेले नाही. जपानने शरण यायला होकार दिला तर काय, हेही लिहिलेले नाही.

ट्रूमन यांनी ३१ जुलैला पाठवलेला एक हस्तलिखित निरोप बॉम्बचा हुकूम म्हणून पुष्कळ ठिकाणी दाखवला जातो. त्याचा संबंध बॉम्ब पडल्यावर वर्तमानपत्रांना द्यायच्या निवेदनाशी आहे. ग्रोव्हज यांनीच नंतर लिहिले की ट्रूमन यांचा निर्णय म्हणजे चालू योजनेत हस्तक्षेप न करण्याचा निर्णय होता. माझ्या मते सगळ्या प्रकरणातले हे सर्वांत खरे वाक्य आहे. यामुळे ट्रूमन यांची जबाबदारी कमी होत नाही. थांबवण्याचा अधिकार त्यांच्याकडेच होता.

हिरोशिमाच का? क्योटो का वाचले?

लक्ष्य निवडताना ते मोठे शहर असावे, लष्करी महत्त्व असावे आणि तोवर फारशी बॉम्बफेक झालेली नसावी, म्हणजे नव्या शस्त्राचा परिणाम नीट मोजता येईल, अशा अटी होत्या. शेवटची अट पुन्हा वाचून पाहा. निवडलेल्या शहरांवर साधी बॉम्बफेक मुद्दाम थांबवण्यात आली. आपले शहर का वाचते आहे, याचे हिरोशिमातल्या लोकांना नवल वाटत होते.

क्योटो यादीत अग्रभागी होते आणि ग्रोव्हज यांचा त्यासाठी आग्रह होता. स्टिमसन यांनी ते ठामपणे काढायला लावले. हे जपानचे प्राचीन सांस्कृतिक केंद्र आहे, ते उद्ध्वस्त केले तर जपानी माणूस अमेरिकेला कधीच माफ करणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्या जागी नागासाकीचे नाव आले.

हिरोशिमात दुसऱ्या सैन्यगटाचे मुख्यालय होते आणि हजारो सैनिक होते, हे खरे आहे. पण बॉम्बचा नेम कुठल्या छावणीवर धरलेला नव्हता. तो होता शहराच्या मध्यावरच्या, वरून इंग्रजी टी अक्षरासारख्या दिसणाऱ्या आइओइ पुलावर. स्फोट झाला तो जवळच्या शिमा रुग्णालयाच्या डोक्यावर. ट्रूमन यांनी २५ जुलैच्या डायरीत लिहिले आहे की लक्ष्य सैनिक आणि नाविक असतील, बायका-मुले नव्हे. त्याच तारखेच्या हुकमात शहरांची नावे आहेत, छावण्यांची नाहीत.

आधी इशारा दिला होता का?

अणुबॉम्बचा इशारा दिला नव्हता. २६ जुलैच्या पॉट्सडॅम जाहीरनाम्यात शरण न आल्यास 'तत्काळ आणि संपूर्ण विनाश' होईल अशी धमकी होती, पण नव्या शस्त्राचा उल्लेख नव्हता. विमानांतून पत्रके टाकली जात, ती नेहमीच्या बॉम्बफेकीबद्दलची. अणुबॉम्बचा उल्लेख असलेली पत्रके हिरोशिमानंतर छापली गेली आणि नागासाकीवर ती पोचली स्फोटानंतर.

उलट त्या सकाळी हिरोशिमात धोका टळल्याचीच समजूत झाली होती. सातच्या सुमारास हवामान पाहणारे एक विमान येऊन गेले तेव्हा भोंगा वाजला आणि साडेसातला 'सब ठीक'चा इशाराही झाला. लोक कामाला लागले. शाळकरी मुलेही लागली. आगीला अटकाव करणारे मोकळे पट्टे करण्यासाठी शहराच्या मध्यभागातली घरे पाडली जात होती आणि ढिगारे उचलायला बारा-तेरा वर्षांची मुले-मुली हजारोंनी आणली होती, उघड्या आभाळाखाली. त्यांतली सुमारे सहा हजार मेली. हिरोशिमाच्या स्मारक संग्रहालयात अशाच एका मुलाचा जेवणाचा डबा आहे. तो आईला त्याच्या देहाखाली सापडला. पत्रा वाकडा झालेला आणि आतला भात कोळसा होऊन डब्याला चिकटलेला. हिरोशिमाला 'लष्करी तळ' म्हटलेले वाचले की मला तो डबा आठवतो.

शास्त्रज्ञांनी विरोध केला नाही का?

काहींनी केला, आणि वेळेत केला. जेम्स फ्रँक यांच्या अध्यक्षतेखालच्या शिकागोच्या गटाने ११ जून १९४५ च्या अहवालात सुचवले की आधी निर्मनुष्य जागी प्रात्यक्षिक दाखवावे. अचानक वापर केला तर अण्वस्त्रांची शर्यत अटळ होईल, असेही त्यांनी बजावले. लिओ झिलार्ड यांच्या १७ जुलैच्या अर्जावर ७० जणांच्या सह्या होत्या. १९३९ मध्ये आइनस्टाइन यांच्या सहीने रुझवेल्ट यांना पत्र पाठवण्यामागे हेच झिलार्ड होते, हिटलर आधी बॉम्ब बनवेल या धास्तीने. तो अर्ज ट्रूमन यांच्यापर्यंत पोचलाच नाही. सरकारातही नौदलाचे उपमंत्री राल्फ बार्ड यांनी जूनअखेर लेखी मत दिले की जपानला दोन-तीन दिवस आधी सूचना द्यावी.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ओपेनहायमर (लॉस अ‍ॅलामोसच्या प्रयोगशाळेचे प्रमुख), फर्मी, लॉरेन्स आणि कॉम्प्टन या चौघांच्या सल्लागार गटाने कळवले की युद्ध संपवू शकेल असे प्रात्यक्षिक आपल्याला सुचत नाही.

ओपेनहायमर यांनी स्फोट पाहताना गीतेचा श्लोक म्हटला होता का?

१६ जुलै १९४५ च्या अणुबॉम्बच्या पहिल्या चाचणीच्या वेळी त्यांनी तो मोठ्याने म्हटल्याचा पुरावा नाही. अकराव्या अध्यायातले 'कालोऽस्मि' आपल्याला आठवले, असे त्यांनी नंतर सांगितले. १९६५ च्या दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीमुळे ते जगभर पसरले. बर्कलीत ते आर्थर रायडर यांच्याकडे संस्कृत शिकले होते हे खरे. महाभारतात अणुबॉम्बचे सूत्र होते आणि ते ओपेनहायमर यांनी वापरले, असे जे निरोप फिरतात त्यांना काडीचाही आधार नाही.

बॉम्ब टाकला नसता तर दहा लाख सैनिक मेले असते, हे खरे का?

हा आकडा लोकप्रिय झाला स्टिमसन यांच्या १९४७ च्या लेखामुळे. त्यात अमेरिकेच्या दहा लाखांहून अधिक हानीची शक्यता वर्तवली होती. 'हानी'मध्ये जखमी आणि बेपत्ताही येतात. सांगता सांगता त्या आकड्याचे दहा लाख मृत्यू झाले.

प्रत्यक्ष बैठकींतले आकडे वेगळे होते. १८ जून १९४५ च्या व्हाइट हाऊसमधल्या बैठकीत मार्शल यांनी जपानच्या क्यूशू बेटावरच्या चढाईच्या पहिल्या तीस दिवसांची हानी फिलिपिन्समधल्या लुझॉनच्या लढाईपेक्षा, म्हणजे सुमारे ३१ हजारांपेक्षा, जास्त नसेल असा अंदाज दिला. चढाई १ नोव्हेंबरला सुरू व्हायची होती. मात्र जुलैत पकडलेल्या सांकेतिक संदेशांवरून कळले की जपान क्यूशूवर प्रचंड सैन्य जमवतो आहे, आणि जूनचे अंदाज कालबाह्य ठरले. ओकिनावाच्या लढाईत १२ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक आणि सुमारे एक लाख स्थानिक नागरिक मेले होते. ही भीती खोटी नव्हती.

माझा आक्षेप प्रश्नाच्या मांडणीला आहे. 'बॉम्ब किंवा चढाई' अशी सरळ निवड ऑगस्टमध्ये कोणासमोरच नव्हती. नौदलाची नाकेबंदी होती, रशिया युद्धात उतरणार हे ठरले होते, आणि सम्राटाला गादीवर राहू देऊ असे आश्वासन देण्याचा मार्गही होता. स्टिमसन आणि परराष्ट्र खात्याचे उपमंत्री जोसेफ ग्रू यांना ते आश्वासन पॉट्सडॅम जाहीरनाम्यात हवे होते. परराष्ट्रमंत्री बर्न्स यांच्या मतानुसार ते गाळले गेले. शेवटी सम्राट गादीवर राहिलाच. त्या एका वाक्याने युद्ध आधी संपले असते असे मी म्हणत नाही. ते वाक्य लिहून पाहिलेच नाही, एवढे मात्र नक्की.

जपान शरण आला तो बॉम्बमुळे की रशियामुळे?

दोन्हींमुळे. इतिहासकारांचा वाद कुणाचा वाटा किती, याचा आहे.

जपानचे निर्णय सहा जणांचे सर्वोच्च युद्धमंडळ घेत असे. पंतप्रधान सुझुकी, परराष्ट्रमंत्री तोगो आणि नौदलमंत्री योनाई तहाकडे झुकलेले होते. युद्धमंत्री अनामी आणि दोन्ही सेनाप्रमुख, उमेझू आणि तोयोदा, यांना आणखी अटी हव्या होत्या: आपल्या सैनिकांना निःशस्त्र आपणच करू, युद्धगुन्हेगारांवर खटले आपणच चालवू, आणि देशावर परकीय फौजा शक्यतो नकोत. उन्हाळाभर या मंडळाची आशा मॉस्कोवर होती. रशियाने मध्यस्थी करावी म्हणून राजदूत सातो यांच्यामार्फत प्रयत्न चालले होते. सातो स्वतः परत परत कळवत होते की यातून काही निघणार नाही.

८ ऑगस्टला रशियाने युद्ध पुकारले आणि ९ तारखेला पहाटे लाल सेना जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात घुसली. मध्यस्थीचा दरवाजा बंद झाला. त्याच दिवशी मंडळाची बैठक चालू असताना नागासाकीची बातमी आली. तरीही मते तीन विरुद्ध तीनच राहिली. मध्यरात्रीनंतर सम्राटाने स्वतः कौल दिला तेव्हा कोंडी फुटली. १४ तारखेच्या रात्री काही तरुण अधिकाऱ्यांनी राजवाड्यात बंड केले आणि सम्राटाच्या भाषणाची ध्वनिमुद्रिका शोधायचा प्रयत्न केला. ती त्यांना सापडली नाही.

सम्राटाच्या भाषणात 'नव्या क्रूर बॉम्ब'चा उल्लेख आहे. सैन्याला १७ ऑगस्टला दिलेल्या आदेशात रशियाचा आहे. ज्याला जे कारण पटेल ते त्याला सांगितले गेले.

तीनच दिवसांत दुसरा बॉम्ब का टाकला?

दुसऱ्या बॉम्बसाठी वेगळा निर्णय झालाच नाही. २५ जुलैच्या हुकमातच तो आलेला होता. तारीख ११ ऑगस्ट ठरली होती. त्या सुमारास हवामान बिघडणार असा अंदाज आल्याने ती दोन दिवस अलीकडे आणली गेली. हिरोशिमात काय झाले याचा जपान सरकारला पुरता अंदाज येण्याआधीच हे घडले. भौतिकशास्त्रज्ञ योशिओ निशिना ८ ऑगस्टला तिथे पोचले आणि त्यांनी हा अणुबॉम्बच असल्याची खात्री केली.

लक्ष्य होते कोकुरा. वैमानिक चार्ल्स स्वीनी यांनी तीन वेळा फेरी मारली, पण ढग आणि धुरामुळे खाली काही दिसेना. एका पंपात बिघाड असल्याने इंधनही कमी होते. विमान नागासाकीकडे वळले. बॉम्ब ठरल्या जागेपासून दूर, उराकामी खोऱ्यावर फुटला. तिथे मित्सुबिशीचे कारखाने होते आणि जपानमधली सर्वांत मोठी कॅथलिक वस्तीही होती. मधल्या डोंगरांमुळे उरलेले शहर काही प्रमाणात बचावले. पहिल्या बॉम्बचे समर्थन करणारे अनेक जण दुसऱ्यापाशी अडखळतात. माझ्या मते त्याला सबळ कारण सापडत नाही.

तिसरा बॉम्ब तयार होता का?

होत आला होता. ग्रोव्हज यांनी १० ऑगस्टला मार्शल यांना कळवले की १७ किंवा १८ तारखेनंतर हवामान मिळताच तो टाकता येईल. मार्शल यांनी त्याच कागदावर लिहिले: राष्ट्राध्यक्षांच्या स्पष्ट अधिकाराशिवाय तो जपानवर टाकायचा नाही. त्या दिवशी मंत्रिमंडळात ट्रूमन म्हणाले की आणखी एक लाख माणसे पुसून टाकण्याची कल्पना भयंकर आहे, 'ती सगळी मुले' मारणे त्यांना नको होते. वाणिज्यमंत्री हेन्री वॉलेस यांच्या डायरीत ही नोंद आहे. अणुबॉम्बबाबत ट्रूमन यांनी स्वतः पुढे होऊन घेतलेला ठळक निर्णय हाच, आणि तो थांबवण्याचा होता.

किती माणसे मेली?

१९४५ च्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सुमारे ७० हजार, हे आज सर्वसाधारणपणे मानले जाणारे अंदाज. अमेरिकी लष्कराचे सुरुवातीचे आकडे याच्या निम्म्याच्या आसपास होते. नोंदवह्या, त्या ठेवणारे कारकून आणि साक्ष देणारे शेजारी एकदमच गेल्यामुळे नेमका आकडा कधीच मिळणार नाही. मृतांत हजारो कोरियन होते, त्यांपैकी अनेकांना मजुरीसाठी जबरीने आणलेले. हिरोशिमात बारा अमेरिकी युद्धकैदीही मेले. कोरियन मृतांचे स्मारक १९७० मध्ये उभे राहिले ते शांतता उद्यानाच्या बाहेर. आत आणायला १९९९ उजाडले.

तुलनेसाठी: १० मार्च १९४५ च्या एका रात्रीत टोकियोवर टाकलेल्या साध्या आगलाव्या बॉम्बनी सुमारे एक लाख माणसे मेली. शहरे जाळण्याची सवय अणुबॉम्बच्या आधीच लागलेली होती.

किरणोत्सर्गाने पुढे काय झाले? पुढच्या पिढीत दोष आले का?

अंगावर ओरखडाही नसलेली माणसे दोन-तीन आठवड्यांनी केस गळून, हिरड्यांतून रक्त येऊन मरू लागली. दोन-तीन वर्षांनी रक्ताचा कर्करोग वाढला, विशेषतः मुलांमध्ये, आणि साधारण दहा वर्षांनी इतर कर्करोग. कागदी बगळ्यांमुळे जगभर ओळखली गेलेली सदाको सासाकी स्फोटाच्या वेळी दोन वर्षांची होती. ती १९५५ मध्ये बाराव्या वर्षी गेली. आईच्या पोटात असताना किरण लागलेल्या काही बाळांची डोकी लहान राहिली, मेंदूची वाढ खुंटली.

स्फोटानंतर गर्भधारणा झालेल्या मुलांचा मात्र सत्तरहून अधिक वर्षे अभ्यास झाला आहे आणि त्यांच्यात आनुवंशिक दोष लक्षणीय वाढल्याचे दिसलेले नाही. हे ठळकपणे सांगायला हवे, कारण 'पिढ्यान्‌पिढ्या अपंग मुले जन्मतात' या समजुतीमुळे वाचलेल्यांच्या मुला-मुलींची लग्ने मोडली.

तिथे आज राहणे सुरक्षित आहे का?

हो. बॉम्ब हवेत उंचावर फुटल्याने जमिनीवर उरलेला किरणोत्सर्ग झपाट्याने ओसरला. ट्रामचा एक टप्पा तर तिसऱ्याच दिवशी सुरू झाला होता. आज हिरोशिमाची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक आहे.

वाचलेल्यांना मदत मिळाली का?

उशिरा, आणि झगडून. शहरातले बहुसंख्य डॉक्टर आणि परिचारिका स्वतःच मेले किंवा जखमी झाले होते. अमेरिकी ताब्याच्या काळात बॉम्बच्या परिणामांवर लिहिण्या-बोलण्यावर सेन्सॉरची नजर होती. १९४७ मध्ये अमेरिकेने नेमलेला आयोग वाचलेल्यांना तपासत असे, उपचार करत नसे. तपासून परत पाठवले जाण्याचा अपमान अनेकांनी आयुष्यभर बोलून दाखवला. वैद्यकीय मदतीचा कायदा जपानने केला १९५७ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. त्यासाठी रेटा लावणारी वाचलेल्यांची संघटना निहोन हिदांक्यो १९५६ मध्ये स्थापन झाली. तिला २०२४ चे शांततेचे नोबेल मिळाले. नोंदणीकृत वाचलेल्यांची संख्या २०२५ मध्ये प्रथमच एक लाखाच्या खाली आली.

जपानने केलेल्या अत्याचारांचे काय?

ते अत्याचार भयानक होते आणि ते विसरून हिरोशिमाबद्दल बोलणे अप्रामाणिकपणाचे आहे. १९३७ चे चीनमधले नानजिंगचे हत्याकांड, सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर मेलेले मलायातले तमिळ मजूर, अंदमानात हेरगिरीच्या खोट्या आरोपांवरून छळून मारलेले भारतीय. आशियातल्या कित्येकांना त्या ऑगस्टमध्ये सुटकाच वाटली आणि त्यांना नावे ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. पण घरे पाडायला आणलेल्या बारा वर्षांच्या मुलीने नानजिंगचे देणे फेडायचे, हा हिशेब मला मान्य नाही.

हा युद्धगुन्हा ठरला का?

जेत्यांवर खटला झाला नाही. टोकियो खटल्यातले भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांनी आपल्या भिन्नमतपत्रात अणुबॉम्बच्या निर्णयावर कठोर टीका केली. पाच वाचलेल्यांनी जपान सरकारवर लावलेल्या दाव्यात टोकियो जिल्हा न्यायालयाने ७ डिसेंबर १९६३ ला हे हल्ले आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध असल्याचे म्हटले. भरपाई मात्र नाकारली.

मराठी सैनिकांचा याच्याशी काही संबंध होता का?

होता. युद्धानंतर जपानचा ताबा घेणाऱ्या राष्ट्रकुल फौजेत भारतीय ब्रिगेड होती आणि तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. ब्रिगेडचे नेतृत्व के. एस. थिमय्या यांच्याकडे होते, तेच पुढे भारताचे लष्करप्रमुख झाले. राष्ट्रकुल फौजेचा तळ होता हिरोशिमाजवळच्या कुरे बंदरात. १९४६-४७ मध्ये कोकण आणि देशावरची पोरे अशा रीतीने जपानमध्ये वावरली. घरात अशा आजोबा-पणजोबांची पत्रे किंवा फोटो असतील तर ते जपून ठेवा, त्यांवर तारीख-नाव लिहा आणि स्कॅन करून घ्या.

भारताची भूमिका काय?

२ एप्रिल १९५४ ला नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याची मागणी केली. महिनाभर आधी, १ मार्चला, अमेरिकेच्या बिकिनीवरच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती. पुढे १९७४ आणि १९९८ मध्ये भारताने पोखरणला स्वतः चाचण्या केल्या. अण्वस्त्रबंदीचा करार २०२१ मध्ये लागू झाला, त्यात भारत नाही, आणि एकही अण्वस्त्रधारी देश नाही.

४ जानेवारी २००३ ला जाहीर झालेल्या धोरणानुसार भारत अण्वस्त्र प्रथम वापरणार नाही, आणि वापराची परवानगी फक्त पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची राजकीय परिषद देऊ शकते. २५ जुलै १९४५ च्या हुकमाशी ताडून पाहिले तर या दुसऱ्या कलमाचे वजन कळते. त्या हुकमाने पुढचे बॉम्ब वेळापत्रकावर आणि हवामानावर सोडले होते. प्रथम वापर न करण्याची हमी बदलावी अशी भाषा आपल्याकडे अधूनमधून ऐकू येते. माझे मत स्पष्टपणे तिच्या विरोधात आहे.